मागच्या माणसाला ऐका

हिरव्या वायरचा तो तुकडा बोटभर लांब होता. वहीच्या पानावर तो चिकटपट्टीने अगदी नीट बसवलेला होता. खाली तृप्ती अत्तरदेच्या गोलसर अक्षरात लिहिलं होतं :

‘प्रयोग नववा. प्रश्न : आमच्या अॅम्प्लिफायरमधून सारखा गूंऽऽ असा आवाज येतो. कृती : प्लग उघडून त्यातली हिरवी वायर कापली. निरीक्षण : आवाज पूर्ण बंद झाला. निष्कर्ष : सरांनी सांगितलेलं खरं ठरलं.’

मी लाल पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

जानेवारीतला रविवार होता. पावणेपाच वाजले होते. मुलांनी घरी करून पाहिलेले प्रयोग लिहायची एक वही मी दहावीच्या वर्गाला लावून दिली होती आणि त्या वह्या तपासत मी ओट्यावर बसलो होतो. तिकडे रेल्वेलाइनीच्या पलीकडे रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शाळेचं स्नेहसंमेलन चाललेलं. आमच्या मुलांच्या बँडचा कार्यक्रम सगळ्यात शेवटी, साडेसहाला होता. वह्या संपवून, चहा घेऊन निघू, असा माझा बेत होता.

“अहो, काय झालं?” कुमुद चहा घेऊन दारात उभी होती. “तोंड असं का पांढरं पडलं?”

“फालक वकिलांकडे जाऊन फोन करतो.”

“चहा तरी...”

मी पायात चपला सरकवल्या. हात कसा कुणास ठाऊक, खिडकीतल्या टेस्टरकडे गेला. तो खिशात टाकला आणि धावलो.

फालकांचा फोन दिवाणखान्यात होता. इन्स्टिट्यूटमध्ये बराच वेळ घंटी वाजत राहिली. शेवटी चौकीदार बाबूरावांनी उचलला. मागे टाळ्यांचा आवाज येत होता.

“बाबूराव, मी किनगे सर. बँडच्या पोरांना जरा फोनवर बोलवा.”

“ती तर स्टेजवर आहेत ना, सर. पाहुण्यांना गाडी धरायची म्हणे, म्हणून बँड आधी घेतला. वायरी जोडू राह्यली पोरं.”



“बाबूराव, मेन स्विच बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

बाबूराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “सर, मेनला हात लावायचा तर मेमो लागतो. मागच्या साली असाच कुणाच्या तरी तोंडी सांगण्यावरून मी बंद केला, तर साहेबांनी माझ्याकडून लेखी उत्तर मागवलं. वर किल्ली फोरमनकडे.”

“मेमो मी लिहून देतो. नंतर देतो.”

“मग नंतर बंद करतो.”

“पोरीचा जीव जाईल, बाबूराव. तृप्तीला सांगा, माईकला तोंड लावू नको. एवढंच सांगा.”

“बरं, सांगतो,” ते म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी वीस वर्षं शाळेच्या शिपायांकडून ऐकला आहे. त्या आवाजातलं काम उद्या होतं.

मी दारातल्या ल्यूनाला किक मारत होतो, तेव्हा फालक वकील मागे आले. नंबर फिरवताना मी त्यांना वहीतलं तुटक सांगितलं होतं. “अहो मास्तर, झालं काय? एक हिरवी वायर तर कापलीय. अॅम्प चालतोय ना?”

“चालतोय, हाच तर घोटाळा आहे.” किक बसत नव्हती. “तो अॅम्प जुना आहे. आतून थोडी वीज गळते, पत्र्याच्या पेटीवर येते. हिरवी वायर म्हणजे त्या विजेची जमिनीत जायची वाट. ती कापली की वीज जात नाही कुठं, तिथंच थांबून राहते. पेटीवर, गिटारच्या तारांवर.”

“मग घरी वाजवताना शॉक कसा नाही बसला?”

“घरी माईक नव्हता. आज ती एका हातात तारा धरणार आणि ओठ हॉलच्या माईकला लावणार. माईकला अर्थिंग आहे. मग वाट सापडते, वकीलसाहेब. वाट म्हणजे ती पोरगी.”

किक बसली. फालक आणखी काही म्हणाले असतील तर ते मी ऐकलं नाही.

ती ओठ लावणारच, याची मला खात्री होती, कारण तसं तिने भर वर्गात सांगितलं होतं.

शनिवारच्या शेवटच्या तासातली शेवटची दहा मिनिटं मी मुलांना देत असे. प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सांगायचं. पण ‘आवडतं’ एवढं म्हणून चालायचं नाही, का आवडतं त्याचा पुरावा द्यायचा. त्या वर्षी पोरांना परदेशी रॉक बँडचं वेड लागलं होतं. कुणाचा तरी मामा मुंबईहून कॅसेटी आणायचा आणि त्या अर्ध्या रेल्वे कॉलनीत फिरायच्या.

“सर, ग्रॅनाइट,” सलीम तडवी उठून म्हणाला होता. “त्यांचा ड्रमर दोन्ही पायांनी वाजवतो.”

“दोन्ही पायांनी तर आमची म्हैस पण वाजवते,” मागून कुणीतरी म्हणालं.

“म्हशीला चार असतात. बस खाली,” मी म्हणालो.

मग तृप्ती उठली. तिचे वडील गार्ड होते. ती फारसं बोलत नसे, पण बोलली की तयारीने बोलायची. “सर, मला पेपर लँटर्न्स आवडतात. पुरावा असा की त्यांची गाणारी बाई ओरडत नाही. ती माईकला ओठ टेकवून गाते. इतकी जवळ असते की मध्ये तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मी पण तशीच गाणार आहे.”

“लाइट गेली की लँटर्न ऐकते ही,” सलीम म्हणाला आणि वर्ग हसला.

मग सगळे माझ्याकडे वळले. सर, तुम्ही सांगा. तुमचा बँड कोणता?

मी म्हणालो, “माझा बँड नाही. माझा एक वाजवणारा आहे. त्याचं नाव तुमच्या एकाही कॅसेटवर नाही. डेन्झिल पिंटो.”

वर्गात हशा उसळला.

“पिंटो अंकल? सर, ते कोंबड्या पाळतात.”

“मेल गाडीचे ड्रायव्हर होते ना ते?”

“होते. आणि अडुसष्ट साली इन्स्टिट्यूटच्या डान्सला बेस गिटार वाजवायचे. मी तुमच्याएवढा होतो, खिडकीच्या गजाला लोंबकळून ऐकायचो.”

पुढच्या शनिवारी मी टेपरेकॉर्डर आणि पिंटोंकडून मागून आणलेली एक घासलेली कॅसेट घेऊन वर्गात गेलो. गाणं लावलं. पोरं म्हणाली, गिटार ऐकू येते, ड्रम ऐकू येतात, पिंटो अंकल कुठे आहेत?

“थांबा,” मी म्हणालो. “ते ऐकू येत नाहीत. ते थांबतात, ते ऐकू येतं.”

कडव्याच्या शेवटी बेस चार ठोके थांबतो. तेवढ्यात गाण्याच्या पायाखालून जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. मी कॅसेट तीनदा मागे नेली. तिसऱ्यांदा तृप्तीने मान वर केली.

“आत्ता गेले ते,” ती हळूच म्हणाली.

“सगळे पुढच्याकडे बघतात,” मी म्हणालो. “तुम्ही मागच्या माणसाला ऐका.”

त्या संध्याकाळी पाच पोरं पिंटोंच्या अंगणात कोंबड्यांमध्ये जाऊन बसली. महिन्याभरात बँड उभा राहिला, बेसला स्वतः पिंटो. पिंटोंनी माळ्यावरून आपला जुना अॅम्प काढला, त्यावरची कोळ्याची जाळी पुसली आणि तृप्तीच्या घरी नेऊन ठेवला. त्या अॅम्पमधून गूंऽऽ आवाज येत होता.

ल्यूना फाटकाशी आली आणि मी ब्रेक दाबला. फाटक बंद होतं. मालगाडी चालली होती, माणसाच्या चालीने, कोळशाच्या वाघिणी एकामागून एक. मी मोजायला लागलो आणि बाराव्या वाघिणीला मोजणं सोडलं. डावीकडे पादचारी पूल होता. ल्यूना तिथेच आडवी टाकली. कुणीतरी म्हणालं, “सर, गाडी पडली तुमची.” मी जिन्यावर होतो.

चव्वेचाळीस वर्षांचं वय धावायचं नसतं. अर्ध्या जिन्यात छातीत कळ आली. एक चप्पल कुठेतरी सुटली. माथ्यावर आलो. कठड्याला धरून उभा राहिलो, आणि वाऱ्याबरोबर मला ते ऐकू आलं.

बेस. फक्त बेस, एकटा, खोल, खालून येणारा.

त्यांनी सुरू केलं होतं.

ते गाणं पोरांनी स्वतः बांधलेलं होतं आणि मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा नकाशा मला पाठ होता. आधी पिंटोंचा बेस आठ फेऱ्या. मग ड्रम येतात, सोळा फेऱ्या. त्यात हळूहळू तृप्तीची गिटार मिसळते. सोळावी फेरी संपली की ती एक पाऊल पुढे येते आणि गाते.

पुलाच्या मधोमध असताना ड्रम आले. एक, दोन, तीन. मी पळत मोजत होतो. पुलावरच्या बायका बाजूला होत होत्या. एक म्हातारा म्हणाला, “गाडी गेली का हो?” जिना उतरताना पाच, सहा. उतरल्यावर रस्त्यावर मला काहीच ऐकू येईना. मालगाडीची खडखड पाठीशीच होती. मी मनातच मोजत राहिलो. आठ झाल्या असतील. कदाचित नऊ. सलीम जोशात आला की लय वाढवायचा. त्या पोराला मी किती वेळा सांगितलं होतं, लय धर म्हणून. आता तो लय वाढवत असेल तर माझ्याकडे किती वेळ होता, ते मला कळत नव्हतं. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि त्या भीतीत एक वाक्य अडकलं होतं : सरांनी सांगितलेलं खरं ठरलं.

इन्स्टिट्यूटच्या दारात बाबूराव स्टुलावर बसले होते. मला बघून उठले.

“मेमो आणला, सर?”

मी त्यांना बाजूला ढकलून आत शिरलो.

हॉल गच्च भरला होता. मागची पोरं खुर्च्यांवर उभी होती. स्टेज एवढं दूर कधी वाटलं नव्हतं. मी ओरडलो. “तृप्ती, थांब!” माझा आवाज मला स्वतःला ऐकू आला नाही. गर्दीतून पुढे घुसायचा प्रयत्न केला. सहावीची पोरं वाटेत फरशीवर मांडी घालून बसलेली, त्यांना तुडवून जाता येईना. बारा की तेरा? तृप्तीने निळा ड्रेस घातला होता. डोळे मिटून ती गिटार वाजवत होती. माईक तिच्यापासून हातभर होता.

मी खुर्चीवर चढलो आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ वर केले, पंजे उघडे.

आमच्या गावात ही खूण पाळण्यातल्या पोराला कळते. लाल झेंडी नसेल तर दोन्ही हात वर : धोका, थांबा. माझे वडील पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. त्यांनी एकदा असंच उभं राहून एक इंजिन थांबवलं होतं.

पण ते रुळावर होतं. इथे दहावी ‘ब’च्या पोरांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर भौतिकशास्त्राचे किनगे सर, एका पायात चप्पल, खुर्चीवर उभे, दोन्ही हात वर.

“अबे, सर नाचू राह्यले!”

आरडाओरडा झाला. पाच-पन्नास हात वर गेले. मग शंभर. मग सगळा हॉल. पोरं हात डोलवत होती, माझ्याकडे बघून हसत होती, आणखी, सर, आणखी. माझे हात त्या जंगलात बुडून गेले.

मी हात खाली घेतले नाहीत. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. तृप्तीने डोळे उघडले. समोर एवढे हात पाहून ती हसली, एक पाऊल पुढे आली आणि माईककडे वाकली.

आणि गाण्याच्या पायाखालची जमीन गेली.

त्या हॉलमध्ये ते कुणालाच कळलं नसेल. ड्रम चालू होते, गिटार चालू होती. फक्त बेस थांबला होता. मी तृप्तीच्या मागे पाहिलं, स्टेजच्या कोपऱ्यात, अंधाराकडच्या बाजूला. पिंटोंनी गिटारवरचे हात काढले होते. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी खाली वाकून कशाचाही विचार न करता भिंतीतला प्लग उपटला. गिटारचा आवाज मेला. तृप्तीचे ओठ माईकपासून चार बोटांवर थबकले आणि ती वळून मागे बघायला लागली.

सलीमने आणखी दोन ठोके वाजवले आणि तोही थांबला.

हॉलभर “ओऽऽ” झालं. शिट्ट्या वाजल्या. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक उभे राहिले. मी पोरांमधून वाट काढत स्टेजवर चढलो, पडदा ओढायला सांगितला.

“काय मास्तर,” पिंटो शांतपणे म्हणाले. “काय दिसलं पुढे?”

मी तृप्तीच्या गळ्यातली गिटार काढून घेतली, लाकडी खुर्चीवर ठेवली. सगळ्यांना लांब उभं केलं. प्लग पुन्हा भिंतीत लावला. मग खिशातला टेस्टर काढून त्याचं टोक गिटारच्या तारेला लावलं.

टेस्टरच्या पोटातला दिवा लाल पेटला. स्वच्छ, ठळक.

सलीमच्या तोंडून “या अल्ला” निघालं. पिंटोंनी छातीवर क्रूस केला. त्यांचीही बोटं मघापासून याच अॅम्पला जोडलेल्या तारांवर होती. तृप्ती त्या लाल दिव्याकडे बघत राहिली. तिला शिकवायला लागत नव्हतं, ती हुशार मुलगी होती. तिने तारेकडे पाहिलं, मग माईककडे, आणि हाताचा पंजा हळूच आपल्या ओठांवर ठेवला.

“पण सर,” ती म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतं ना.”

“हो.”

“एका ठिकाणचं अर्थिंग सोडवलं की गूं आवाज जातो. वहीत आहे माझ्या. तारीख पण आहे.”

“हो, तृप्ती. मीच सांगितलं होतं.”

डिसेंबरातला तो तास होता. तिने हात वर करून विचारलं होतं, सर, अॅम्पमधून गूं का येतं? मी खूश झालो होतो. फळ्यावर चित्र काढलं, दोन अर्थिंगमध्ये थोडी वीज कशी गोल फिरत राहते ते दाखवलं, आणि म्हणालो, एका ठिकाणचं अर्थिंग सोडवलं की हा आवाज जातो. पुढचं वाक्य होतं : पण ते कधीही करायचं नाही, कारण. त्या वाक्याच्या तोंडाशी घंटा झाली. पोरं दप्तरं भरायला लागली. मी हसून म्हणालो, बाकीचं सोमवारी. सोमवारी क्रीडास्पर्धा होत्या, आणि मंगळवारी मी पुढचा धडा सुरू केला.

“मी अर्धंच सांगितलं होतं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. रडली नाही. सलीमच बिचारा रडला, ड्रमच्या मागे बसून.

पिंटोंच्या पेटीत पक्कड होती. प्लग उघडून मी हिरव्या वायरचं टोक सोललं आणि पिनेत पुन्हा आवळलं. हात थरथरत नव्हते याचं मला नवल वाटलं. टेस्टर पुन्हा तारेला लावला. दिवा लागला नाही. तीनदा लावून पाहिला. अॅम्पमधून गूंऽऽ सुरू झालं.

“सर, हे असंच ऐकू येईल सगळ्यांना,” तृप्ती म्हणाली.

“येऊ दे.”

पाहुणे गाडी धरायला निघून गेले होते. पडदा उघडला. त्या गूंऽऽच्या सोबतीने पोरांनी पूर्ण गाणं वाजवलं. तृप्ती गायली, पण माईकपासून वीतभर लांब उभी राहून. तिचा श्वास काही ऐकू आला नाही. मी पडद्याआड प्लगजवळ बसून होतो, हात स्विचवर ठेवून, शेवटच्या ठोक्यापर्यंत.

रात्री तिची वही पुन्हा उघडली. निष्कर्षाखाली लाल शाईने ते राहिलेलं वाक्य पूर्ण लिहिलं, आणि समासात जिथे मी पोरांच्या चुकांवर गोल करत असे, तिथे माझं स्वतःचं नाव लिहून त्यावर गोल केला. सोमवारी वर्गात ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. घंटा झाली. कुणी उठलं नाही, मीही थांबलो नाही.

पुढच्या रविवारी मी पिंटोंकडे गेलो. त्यांनी अंगणात खुर्ची टाकली, चहा दिला. कोंबड्या पायाशी टिपत होत्या. आभार कसे मानावेत ते मला सुचत नव्हतं, म्हणून आठवडाभर मनात असलेला प्रश्न विचारला.

“पिंटोसाहेब, सगळ्या हॉलचे हात वर होते. दोन-तीनशे हात. त्यात माझे तुम्हाला दिसले कसे?”

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

“बत्तीस वर्षं मी खिडकीतून बाहेर बघत गाडी चालवली, मास्तर,” ते म्हणाले. “स्टेशनात हात तर सगळेच वर करतात. निरोपाचे, हमालाला बोलवायचे. पण ते सगळे हात हलतात. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांचे हलत होते. तुमचे नव्हते. थांबवणारा हात हलत नसतो.”

मी कप उचलायला गेलो तर तो बशीवर खडखड वाजायला लागला. दुसऱ्या हाताने धरून पाहिला, तरी थांबेना. पिंटोंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि कठड्यावर ठेवला.